टेबलावरचा कापूस : आधुनिक चित्र वाचायचं कसं?

पहिल्या वेचणीचा कापूस घरात येऊन पडला होता तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी पारावर बसलो असताना मोबाइलमध्ये एक चित्र उघडलं आणि शेजारच्या काकाजींच्या हातात दिलं. कुणाचं, कुठलं, काही सांगितलं नाही. त्यांनी चष्मा पुसला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, जरा इकडेतिकडे सरकवलं आणि म्हणाले, "हा समोरचा म्हातारा ग्रेडर होय, सर. पाहा ना, धागा ओढून पाहून राह्यला."

यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळांमध्ये मी तीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवली, पोळ्याला बैलांची चित्रं काढून घेतली, आणि 'आधुनिक चित्र म्हणजे आपल्याला न कळणारं चित्र' हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. काकाजींनी ते चित्र दहा सेकंदांत पकडलं. चित्र होतं एद्गार देगा या फ्रेंच चित्रकाराचं, १८७३ सालचं. नाव साधंच : न्यू ऑर्लिन्समधली कापसाची पेढी. देगाच्या आईचं माहेर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचं. १८७२ च्या शेवटी तो नातलगांना भेटायला तिकडे गेला आणि त्यानं मामाच्या पेढीचं हे चित्र रंगवलं. काकाजींचा 'ग्रेडर', म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा, हाच तो मामा, मिशेल म्यूसाँ. डोक्यावर उंच टोपी, खुर्चीत बसलेला, दोन्ही हातांच्या बोटांत कापसाचा पुंजका. मागे टेबलावर कापूस पसरलेला, भोवती काळ्या कोटातली माणसं.

हे एकच चित्र घेऊन मला जरा गुंतागुंतीची गोष्ट सांगायची आहे. कलेचे अभ्यासक ज्याला 'सैद्धांतिक चौकट' म्हणतात, ती काय भानगड आहे?

अंगणात कापसाचा ढीग पडला की त्याच्याकडे चौघं चार तऱ्हेनं पाहतात. व्यापारी मूठभर दाबून ओल पाहतो, धागा ओढतो, कवडी, म्हणजे डागी कापूस, किती निघेल याचा अंदाज घेतो. वेचणाऱ्या बाईच्या डोळ्यांत तो किलोंमध्ये असतो, कारण तिची मजुरी किलोवर ठरलेली. घरधन्याला त्यात पीककर्ज दिसतं आणि पोरीची कॉलेजची फी. पोरं त्यात उड्या मारतात. ढीग एकच आहे आणि खोटं कुणीच पाहत नाही. पण व्यापाऱ्याला त्यात कर्ज दिसत नाही आणि पोरांना ओल दिसत नाही.

चौकट म्हणजे एवढंच. चित्रासमोर उभं राहिल्यावर तुम्ही आधी कोणता प्रश्न विचारता, ती तुमची चौकट. बिनचौकटीचा माणूस मला अजून भेटला नाही. 'वा, अगदी फोटोसारखं काढलंय' म्हणणाराही एक चौकट घेऊनच आलेला असतो : चित्र खऱ्यासारखं दिसलं पाहिजे. ती चौकट त्याच्या डोक्यात माझ्यासारख्याच एखाद्या मास्तरानं घातलेली असते, त्यामुळे मी फार बोलत नाही.

डोळे बारीक करून

सगळ्यात आधी रूपवाद. हे लोक सांगतात की कापूस विसरा, मामा विसरा. नुसते रंग, रेषा आणि आकार पाहा. क्लाइव्ह बेल नावाच्या इंग्रज समीक्षकानं १९१४ मध्ये 'अर्थपूर्ण रूप' अशी कल्पना मांडली. रेषा आणि रंगांची एखादी जुळणीच अशी असते की ती मनाला हलवते, आणि कलेतलं खरं तेच. चित्रात बाई आहे की बैल, याला त्याच्या लेखी महत्त्व नाही.

देगाचं चित्र असं पाहायचं तर पोरांना सांगतो ती युक्ती करा. डोळे इतके बारीक करा की चेहरे पुसट व्हावेत. आता काय उरलं? काळे डाग आणि पांढरे डाग. काळे म्हणजे कोट आणि टोप्या. पांढरा कापूस, पांढरं वर्तमानपत्र, पांढऱ्या बाह्या, खाली उजव्या कोपऱ्यात टोपलीतले कागद. नजर एका पांढऱ्यावरून दुसऱ्या पांढऱ्यावर उडी मारत जाते. खोली सरळ समोरून दिसत नाही. कोपऱ्यातून तिरपी पाहिल्यासारखी आत आत जाते. मधोमध कुणी 'नायक' नाही. मधल्या जागेत एक जण आरामात पेपर वाचतोय (तो देगाचा भाऊ रने) आणि डावीकडे दुसरा भाऊ खिडकीला टेकून उभा आहे. जुन्या चित्रांत राजा किंवा देव मध्यभागी असायचा. इथे मध्यभागी रिकामा वेळ आहे. हे धाडस 'कापूस' या शब्दाभोवती फिरत राहिलो असतो तर दिसलं नसतं.

रूपवादाचं खरं सोनं मात्र होतं ते जिथे चित्रात 'काही नाही' असं लोक म्हणतात तिथे. आपल्याच नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेले वासुदेव गायतोंडे घ्या. त्यांच्या चित्रांना बहुधा नावही नसतं, 'शीर्षकहीन' लिहिलेलं असतं. स्वतःच्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेलं त्यांना रुचत नसे. ब्रश बाजूला ठेवून ते रोलर आणि रंगाची सुरी वापरत. थरावर थर चढवत, काही ठिकाणी रंग उचलून घेत. चित्रं मोजकीच करत. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी ती बातमी कौतुकानं छापली आणि आमच्या शिक्षक-खोलीत एक जण म्हणाला, "पण हे काय आहे?"

मी त्यांचं एक चित्र प्रत्यक्ष पाहिलंय. पहिली पाच मिनिटं काहीच नाही. मग कॅनव्हासच्या आत कुठेतरी उजेड असल्यासारखं वाटू लागलं. पाऊस उघडल्यावर काळ्या रानावर ऊन पडतं, माती ओली आणि तरी चमकते, बांधापर्यंत सगळं एकाच रंगाचं आणि तरी एकसारखं नसतं, तसं. हे मी चित्रात काय 'आहे' ते सांगत नाहीये. गायतोंड्यांनी रान काढलेलं नाही. माझ्या डोळ्यांना तिथे थांबायची सवय आधीच होती, एवढंच. 'काय आहे' हा प्रश्न सोडून 'कसं दिसतंय' असं विचारलं, तेव्हा कुठे ते उघडलं.

पण या चौकटीत एक खोट आहे. देगाच्या टेबलावर कापसाऐवजी मीठ असतं तरी रूपवादी तेच बोलला असता. आणि कापूस हा काही फक्त पांढरा डाग नव्हे, हे यवतमाळकराला कुणी सांगायला नको.

टोपी, कोपरा, बिंदू

म्हणून दुसरा प्रश्न येतो : या गोष्टींचा अर्थ काय? एर्विन पॅनोफ्स्की या कला-इतिहासकारानं १९३९ मध्ये एक साधं उदाहरण दिलं. रस्त्यात ओळखीचा माणूस भेटतो आणि टोपी उचलतो. पहिल्या पायरीवर मला दिसते एक हालचाल. दुसऱ्या पायरीवर कळतं की हा नमस्कार आहे. पण हे कळायला ती रीत माहीत असावी लागते. तिसऱ्या पायरीवर त्या माणसाचा सगळा काळ, वर्ग आणि स्वभाव त्या एका हालचालीतून वाचता येतो. आपल्याकडचं सांगायचं तर, म्हाताऱ्यानं दारात शिरताना डोक्याचा दुपट्टा सोडून खांद्यावर टाकला. परक्याला वाटेल, गरम होत असेल. घरातल्यांना कळतं, हा सोयरिकीचं बोलायला आलाय.

चित्र कुठे टांगलंय, यातही अर्थ असतो. काझिमिर मालेविच या रशियन चित्रकारानं १९१५ मध्ये पेत्रोग्रादच्या प्रदर्शनात नुसता एक काळा चौकोन मांडला. लोक त्यावर आजही हसतात. पण त्यानं तो टांगला छताजवळच्या कोपऱ्यात, जिथे रशियन घरात देवाची तसबीर असते. देवघराच्या कोपऱ्यात काळा चौकोन. आता हसू जरा कमी होतं की नाही?

सय्यद हैदर रझांच्या चित्रांतला बिंदूही असाच. रझा मंडला जिल्ह्यातल्या बाबरियात जन्मले आणि नागपूरच्या चित्रशाळेत शिकून पुढे मुंबईला, मग फ्रान्सला गेले. लहानपणी त्यांचं लक्ष लागेना म्हणून शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडे पाहत बसायला सांगितलं, ही आठवण ते सांगत. रूपवाद्याला तो काळा गोल पुरतो. ज्याला बीज, शून्य, ध्यान हे शब्द घरातून मिळालेत त्याला तो गोल पुरत नाही. मला वाटतं दोघांचंही थोडं थोडं खरं, आणि रझांची शेवटची काही चित्रं अर्थानं इतकी भरलीत की बघायला जागाच कमी उरते. हे माझं मत. भांडण काढू नका.

खोलीत कोण नाही

आता मूळ खोलीत परत जाऊ, कारण इथून पुढचे प्रश्न टोचणारे आहेत.

मार्क्सवादी समीक्षक चित्राला विचारतो : पैसा कुणाचा, घाम कुणाचा? देगाच्या पेढीत चौदा माणसं आहेत. एकाच्याही कपड्याला मातीचा डाग नाही. कापूस टेबलावर आलाय, पण तो पेरला कुणी, निंदला कुणी, वेचला कुणी, गाठी उचलल्या कुणी, यातलं कुणीही खोलीत नाही. अमेरिकेच्या त्या दक्षिण भागात हे काम पिढ्यान्‌पिढ्या आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून करून घेतलं जाई. १८६५ मध्ये गुलामी कायद्यानं संपली, चित्र त्यानंतर आठ वर्षांनी काढलेलं, आणि शेतात राबणारे हात तेव्हाही बहुतेक त्याच काळ्या माणसांचे. चित्रात ते हात नाहीत. त्यांनी वेचलेला कापूस आहे.

आणि चित्र स्वतः? तेही माल होतंच. देगानं मित्राला पत्रात लिहिलं होतं की हे चित्र इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या एखाद्या सूतगिरणीवाल्याला विकता येईल. गिरणीवाला कापसाचं चित्र घेईल, असा साधा हिशेब. तो जमला नाही. गंमत म्हणजे ज्या पेढीचं हे चित्र, ती पेढी १८७३ च्या सुरुवातीलाच मोडली. खिडकीला टेकलेला भाऊ, पेपर वाचणारा भाऊ, हे बिनकामाचे का दिसतात याचं एक उत्तर इथे असू शकतं. असू शकतं, असंच म्हणतो. देगाचं त्या माणसांवर प्रेम होतं. त्यानं काही त्यांच्याविरुद्ध पत्रक छापलं नव्हतं.

मँचेस्टर हा शब्द आला की वऱ्हाडातल्या माणसाचे कान उभे राहायला हवेत. इथे चौथी चौकट लागते, वसाहतोत्तर. तिचा प्रश्न असा : हे चित्र जगाच्या कुठल्या टोकावरून पाहिलंय आणि दुसऱ्या टोकावर तेव्हा काय चाललं होतं?

दुसऱ्या टोकावर आपण होतो. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. इंग्रजांच्या नजरेत या मुलखाची मुख्य ओळख काळी माती आणि कापूस. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. पण तोवर युद्ध संपलेलं होतं, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात उतरला होता आणि इथला भाव कोसळला होता. म्हणजे न्यू ऑर्लिन्समधल्या मामाच्या टेबलावर कापूस परत आला तो आपल्या आजोबा-पणजोबांचा भाव पाडूनच. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ 'शकुंतला' रेल्वे धावली तीही एका ब्रिटिश कंपनीनं कापूस वाहून न्यायला घातलेली. दोन्हीकडचा कापूस एकाच गिऱ्हाईकाच्या दारात उभा होता, आणि चित्र मात्र एकाच टेबलाचं निघालं.

हे कळल्यावर मी ते चित्र पहिल्यासारखं पाहू शकलो नाही. आधी तो पांढरा रंग सुंदर वाटायचा. अजूनही वाटतो, त्यात खोटं कशाला बोलू.

आजच्या काळातला एक चित्रकार याच प्रश्नाला हसत हसत भिडतो. यिंका शोनिबारे, लंडनमध्ये जन्मलेला, नायजेरियन वंशाचा. अठराव्या शतकात गेन्सबरो नावाच्या इंग्रज चित्रकारानं एका तरुण जमीनदार जोडप्याचं चित्र काढलं होतं : अँड्रूज नवरा-बायको झाडाखाली, आणि बाजूला त्यांचं शेत, कापणी झालेल्या पिकाच्या पेंढ्या. जॉन बर्जर या कलासमीक्षकानं १९७२ मध्ये टीव्हीवरून लोकांना बजावलं की हे निसर्गप्रेमी जोडपं नव्हे, हे जमिनीचे मालक आहेत आणि मालकी त्यांच्या तोंडावर दिसते. (पेंढ्या आहेत, बांधणारे नाहीत. ओळखीचं वाटतं ना?) शोनिबारेनं १९९८ मध्ये त्या जोडप्याचे पुतळे केले, मुंडकी उडवली आणि अंगावर भडक 'आफ्रिकन' कापड चढवलं. पण ते कापड आफ्रिकेचं नाहीच! जावा बेटावरच्या बाटिकची नक्कल डचांनी यंत्रावर केली आणि ती पश्चिम आफ्रिकेत नेऊन विकली. 'अस्सल' म्हणून आपण जे दाखवतो ते कुठून कुठून फिरून आलेलं असतं, हे त्यानं एका सुटाच्या कापडात सांगून टाकलं.

पेढीत आणखी कोण नाही, ते तुमच्याकडल्या वेचणीवर जाऊन या म्हणजे कळेल. बाई नाही. चौदाच्या चौदा पुरुष. देगानं त्याच मुक्कामात घरातल्या बायकांचीही चित्रं काढली; त्यातली एक त्याची मामेबहीण आणि भावजय एस्तेल, जिची दृष्टी गेलेली होती. म्हणजे बायका घरात आणि व्यवहार पेढीत, अशी चित्रकाराच्या कॅनव्हासांचीही वाटणी. आपल्याकडे वेचणीला बहुतेक बायाच असतात. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकायचं, आणि सातबाऱ्यावर, काट्यावर, पावतीवर नाव बाप्याचं. स्त्रीवादी चौकट हेच विचारते, आणि फक्त चित्राच्या आतलं विचारून थांबत नाही. लिंडा नॉकलिन या अभ्यासिकेनं १९७१ मध्ये एक लेखच लिहिला : थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत? तिचं उत्तर होतं, प्रतिभेत काही कमी नव्हतं. चित्रशाळांत उघडं मॉडेल समोर ठेवून शरीर काढायला शिकवत, आणि त्या वर्गात शतकानुशतकं मुलींना प्रवेशच नव्हता. ज्यांना पेरायलाच दिलं नाही त्यांना 'तुमचं पीक कुठाय' असं विचारण्यातला तो प्रकार. १९८९ मध्ये गोरिलाचे मुखवटे घालणाऱ्या काही स्त्री-कलावंतांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मोजणी केली : आधुनिक कलेच्या दालनात स्त्री-कलावंत पाच टक्क्यांहून कमी आणि नग्नचित्रांपैकी ८५ टक्के बायकांची. पोस्टरवर त्यांनी विचारलं की संग्रहालयात शिरायला बाईनं कपडे काढलेच पाहिजेत का.

बूट कुणाचे?

इथवर वाचून कुणाला वाटेल, चौकट लावली की चित्र उलगडलंच. तसं नाही. चौकट डोळ्यावरची झापडही होते, आणि त्याचा सगळ्यात गाजलेला किस्सा शेतकऱ्याच्याच नावावर आहे.

व्हॅन गॉगनं १८८६ मध्ये पॅरिसमध्ये जुन्या बुटांचं एक चित्र काढलं. चामड्याचे, झिजलेले, लेस सुटलेले बूट. बाकी काही नाही. जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यानं १९३५-३६ च्या व्याख्यानांत या बुटांवर फार सुंदर बोलून ठेवलंय. त्याला त्या बुटांच्या काळ्या पोकळीत एक शेतकरी बाई दिसली : तिचं वाऱ्यातलं संथ चालणं, संध्याकाळची एकाकी पाऊलवाट, भाकरीची चिंता, जमिनीची मूक हाक. वाचताना अंगावर काटा येतो. मुद्दाही मोलाचा होता. वापरलेली वस्तू चित्रात आली की तिच्यामागचं अख्खं जग उघडं पडतं. रोज पायात असताना ते आपल्याला दिसत नाही.

१९६८ मध्ये मेयर शपिरो नावाच्या कला-इतिहासकारानं शांतपणे विचारलं : बाई कुठून आली? व्हॅन गॉग तेव्हा शहरात राहत होता. बूट बहुधा त्याचे स्वतःचेच. मग १९७८ मध्ये जाक देरिदा हा फ्रेंच तत्त्वज्ञ आला आणि म्हणाला, तुम्ही दोघं बूट कुणाच्या तरी पायात घालायला का निघालात? आणि ही जोडीच आहे हे तरी कशावरून?

मी हे चित्र वेचणीच्या एका मावशींना दाखवलं होतं. त्यांनी निकाल एका वाक्यात लावला : "असा बूट घालून कोन बाई निंदाले जाते, सर?"

हायडेगरला शेतकरी बाई हवी होती, म्हणून ती त्याला दिसली. आपली गरिबी, आपली माती शहरातल्या विद्वानाला फार काव्यमय वाटायला लागली की मी सावध होतो. त्याला दिसलेल्या पाऊलवाटेवर चिखल किती आहे ते त्यानं पाहिलेलं नसतं.

याच कारणानं मनोविश्लेषणाच्या, म्हणजे चित्रातून चित्रकाराचं दडलेलं मन शोधणाऱ्या चौकटीवर मी फार वेळ घालवत नाही. फ्रॉइडनं १९१० मध्ये लिओनार्दो दा व्हिंचीवर आख्खं पुस्तक लिहिलं. बालपणीच्या एका आठवणीत पाळण्यात गिधाड आलं, असं धरून त्यानं त्याच्या आईपर्यंत आणि इजिप्तच्या देवीपर्यंत मजल मारली. मूळ इटालियन शब्द होता घार. भाषांतरात घारीचं गिधाड झालं, आणि वरचा मजला त्याच पायावर उभा. ही चूक लोकांपुढे नीट मांडणाऱ्यांत पुन्हा तोच शपिरो होता. असा माणूस प्रत्येक गावात एक तरी असावा.

शेंदूर

मुतारीचं भांडं कला कसं काय, हा प्रश्न मला दर वर्षी एक तरी पोरगा विचारायचा, आणि विचारताना मागच्या बाकावर खसखस पिकायची. मार्सेल द्युशाँनं १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनाकडे पोर्सिलिनचं तयार भांडं आडवं करून पाठवलं, त्यावर 'आर. मट' अशी सही केली आणि नाव दिलं 'कारंजं'. पैसे भरेल त्याचं काम मांडू, असा त्या मंडळाचा नियम. तरी ते मांडलं नाही. मूळ भांडं हरवलं. उरला एक फोटो आणि पुढे १९६४ मध्ये केलेल्या प्रतिकृती. त्याच वर्षी आर्थर डँटो या तत्त्ववेत्त्यानं लिहिलं की वस्तूला कला बनवणारी गोष्ट डोळ्यांना दिसेलच असं नाही. तिच्याभोवती कलेचा इतिहास, चर्चा, लोकांची मान्यता असं एक 'कलाजगत' असावं लागतं.

आमच्या पोरांना हे मी शेंदरानं सांगायचो. बांधावरचा दगड. रात्री कुणी शेंदूर फासला, सकाळी एकानं नारळ फोडला, वर्षभरात ओटा झाला. दगड तोच. पण कुणीही कुठल्याही दगडाला शेंदूर फासला तर गाव मानत नाही. तो फासणारा कोण, जागा कुठली, आधी तिथे काय होतं, हे सगळं लागतं. द्युशाँच्या बाबतीत तर गंमत अशी की शेंदूर फासल्यावर त्यानं लोकांना विचारलं, बघा, शेंदूर लावणारा हात तुमचाच आहे ना? हे 'सौंदर्य' नव्हे. टोमणा आहे, आणि टोमण्याला टोमणा म्हणूनच दाद द्यावी.

कोणता प्रश्न कधी

म्हणून मी पोरांना एकच ताकीद द्यायचो. चौकट लावल्यावर चित्रात आधी न दिसलेलं काही दिसलं, तर ती ठेवा. चौकट लावल्यावर चित्राकडे पाहायचीच गरज उरली नाही, तर ती टाका. शिकत असताना एका व्याख्यात्याला मी ऐकलंय. दीड तासात 'उत्तर-आधुनिक' हा शब्द कित्येकदा आला आणि पडद्यावरच्या चित्राकडे त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

अभ्यासाला हाताशी हवं असेल तर प्रभाकर पाचपुते पाहा. १९८६ चा जन्म, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा. घरातल्या तीन पिढ्या कोळसा खाणीत. हा माणूस कोळशानंच भिंतभर चित्रं काढतो. (चित्रकाराचा कोळसा लाकडाचा, खाणीतला वेगळा, पण हात सारखेच काळे होतात.) त्याच्या माणसांना पुष्कळदा डोकं नसतं, डोक्याच्या जागी खाणीतला दिवा किंवा एखादं अवजार येतं. २०२१ मध्ये वेल्समधल्या कार्डिफच्या आर्टेस मुंडी पुरस्कारात तो सहा मानकऱ्यांपैकी एक होता, आणि कार्डिफ हे एके काळचं कोळशाचं बंदर. आता करा प्रयोग. नुसतं काळं-पांढरं पाहा. मग विचारा, दिवा डोक्याच्या जागी का? मग विचारा, जमीन कुणाची होती, नोकरी कुणाला लागली, आणि त्या घरातल्या बाईचं काय झालं? कोळशाची रेघ बोटानं पुसता येते, आणि भिंतीवरचं असं चित्र प्रदर्शनानंतर बहुधा राहत नाही. खाणीच्या गावात वाढलेल्या माणसानं टिकणारं सामान का निवडलं नसेल?

परवा त्याच मावशी वेचणीवरून परतताना पारापाशी टेकल्या. काकाजींनी आता आपल्या मोबाइलमध्ये देगाचं चित्र घेऊन ठेवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. मावशींनी ते हातभर लांब धरून पाहिलं. ग्रेडर पाहिला, पेपर वाचणारा पाहिला, टेबलावरचा कापूस बराच वेळ पाहिला.

"कापूस साफ हाय," त्या म्हणाल्या. "पण काटा कुठी हाय?"

रात्री घरी येऊन मी चित्र मोठं केलं आणि कोपरान्‌कोपरा धुंडाळला. खुर्च्या आहेत, जाड वही आहे, मांडण्या आहेत, टोपलीत कागद आहेत. काटा काही मला सापडला नाही.